जागी असताना काय करता?

माझ्या यजमानांच्या डाव्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ आहे. तिथे केस उगवत नाहीत. ती जखम माझ्या हातची. स्वप्नात पुस्तकांचं एक उंच कपाट त्यांच्या अंगावर कलत होतं आणि मी ते जिवाच्या आकांताने मागे रेटत होते. प्रत्यक्षात मी त्यांच्या तोंडावर हात मारत होते आणि मनगटावरच्या घड्याळाची कड भुवईला लागली. त्यांनी हाक मारल्याबरोबर मी जागी झाले, अगदी लख्ख जागी, आणि कपाट कुठे गेलं ते शोधू लागले. पहाटेचे साडेचार झाले होते. मी तेव्हा ५७ वर्षांची होते.

त्याआधी वर्षभर मी झोपेत ओरडत होते, भिंतीवर लाथा मारत होते. एकदा पायाचं बोट मोडलं. आम्ही त्याला कामाचा ताण म्हणायचो. मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात झोप बिघडणं आमच्या घरात नवं नव्हतं. रक्त आलं तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

झोपेच्या विकारांच्या त्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा यजमानांना जास्त प्रश्न विचारले. हे रात्री कधी होतं, सुरुवातीला की पहाटेकडे? डोळे उघडे असतात की मिटलेले? हाक मारली की लगेच भानावर येते का? आणि मला एकच विचारलं, स्वप्न आठवतं का. झोपेत चालणारी माणसं बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून उठतात आणि सकाळी त्यांना फारसं आठवत नाही. माझं सगळं उलटं होतं. मी नैराश्याची काही औषधं घेते का, हेही त्यांनी खोदून विचारलं, कारण त्यातल्या काहींमुळे असं होऊ शकतं. घोरताना श्वास अडकत असेल तरी असाच गोंधळ दिसतो म्हणे. म्हणून एक रात्र प्रयोगशाळेत झोपायचं ठरलं.

डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर, पिंढऱ्यांवर तारा. छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, समोर कॅमेरा. अशा अवस्थेत झोप लागणारच नाही असं वाटलं होतं, पण लागली. सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. ती हनुवटीच्या स्नायूची. स्वप्नांची झोप, जिला रेम झोप म्हणतात, ती साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी मेंदूच्या देठातून एक आज्ञा खाली मज्जारज्जूकडे जाते आणि डोळे व श्वास चालवणारे स्नायू सोडले तर बाकी शरीर सैल पडतं. स्वप्नात आपण कितीही धावलो तरी पाय अंथरुणात गपगार पडलेले असतात ते त्यामुळे. त्या वेळी ती रेघ सपाट हवी. माझी रेघ दातेरी होती. सोबतच्या चित्रफितीत मी मिटल्या डोळ्यांनी हवेत कोणाला तरी ढकलत होते.

मिशेल जूव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांजरांच्या मेंदूतली ही जागा निकामी केली तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून शिकार करू लागली. माणसांमधल्या याच विकाराचं, म्हणजे 'रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर'चं, वर्णन कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी अमेरिकेत १९८६ साली मांडलं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. मी रागीट नव्हते, माझ्या मनात यजमानांबद्दल काही दडलेलं नव्हतं. एक आज्ञा खाली पोचत नव्हती, एवढंच.

मग त्यांनी जे विचारलं त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणाले, "या विकाराचा पुढे काय अर्थ होऊ शकतो ते मी सांगू शकतो. आज सांगू, नंतर सांगू, की नकोच?" मी महिनाभराने सांगा म्हटलं. त्या महिन्यात आम्ही घर आवरलं. पलंग काढून गाद्या जमिनीवर घातल्या, दोन गाद्यांच्या मध्ये लोड ठेवला, उशाशी असलेला काचेचा दिवा हलवला, घड्याळ काढून झोपू लागले. झोपण्यापूर्वी मेलाटोनिन, म्हणजे झोपेशी निगडित संप्रेरकाची गोळी, सुरू झालं. लाथा कमी झाल्या, ओरडणं चालूच राहिलं.

महिन्याने त्यांनी सांगितलं. २०१९ साली २४ केंद्रांतल्या १२८० रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी सुमारे ६ टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या नात्यातला एखादा आजार झाला आणि १२ वर्षांच्या शेवटी हा आकडा ७३ टक्क्यांच्या पुढे गेला. अल्फा-सिन्यूक्लीन नावाचं प्रथिन मेंदूत चुकीच्या आकारात साचत जातं. ते बऱ्याच जणांत मेंदूच्या देठातून वर सरकतं, म्हणून झोप आधी बिघडते आणि हात नंतर कापतो. थांबवणारं औषध नाही. व्यायाम करा, आणि दर वर्षी या.

घरी येताना आम्ही दोघंही बोललो नाही. मी तेव्हा ऐकायचं ठरवलं ते बरं केलं की नाही, याचं उत्तर माझ्यापाशी आजही एकच नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत मी स्वतःच्या हाताकडे जितकं पाहिलं तितकं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आधी वास गेला. छापखान्यातून आलेला ताजा फर्मा मी नेहमी नाकाशी धरायची. एक दिवस धरला तर नुसता कागद. मग अक्षर. आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने फोन करून विचारलं, "मॅडम, समासात तुम्ही केलेली ही पहिली वेलांटी आहे की दुसरी?" पानाच्या सुरुवातीला अक्षर बरं असायचं आणि खाली येईतो मुंगीएवढं व्हायचं. तिसरी गोष्ट लेकीच्या लक्षात आली. चालताना माझा उजवा हात हलत नव्हता.

मेंदूविकारतज्ज्ञांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला लावली. डावी चालली, उजवी दहाव्या वेळेला थकून थांबली. निदान झालं तेव्हा मी ६२ वर्षांची होते. पार्किन्सनमध्ये डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरतात. लेव्होडोपा हे औषध शरीरात जाऊन डोपामिन बनतं. दुसऱ्या गटातली औषधं डोपामिनची नक्कल करून मेंदूतल्या त्याच कुलपांत किल्लीसारखी बसतात. लेव्होडोपामुळे काही वर्षांनी अंगाला वेड्यावाकड्या हालचाली लागू शकतात, म्हणून जरा कमी वयाच्या रुग्णांना काही डॉक्टर आधी दुसऱ्या गटातलं देतात. मला प्रामिपेक्झोल मिळालं. मळमळेल, पाय सुजतील, अचानक झोप येऊ शकते म्हणून गाडी चालवताना जपा, हे सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गोळ्यांच्या खोक्यातल्या पातळ कागदावर ती छापलेली होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा बारीक टाइप वाचत आले. तो कागद मात्र घडी न उलगडता टाकून दिला.

गोळी दर आठवड्याला थोडी वाढत गेली आणि दीड-दोन महिन्यांत माझी वेलांटी उघडली. दुसरी वेलांटी पुन्हा दुसऱ्या वेलांटीसारखी दिसायला लागली. मी रडले. मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहून पानं भरली. त्याच आठवड्यात स्वतःला बक्षीस म्हणून एक शाईचं पेन मागवलं. यजमान म्हणाले, "घे की, एवढ्या वर्षांत स्वतःसाठी काय घेतलंस?"

दुसरं पेन पंधरा दिवसांनी आलं. तिसरं चार दिवसांनी. पुढे मोजणं मीच बंद केलं. लेकीने शेवटी मोजली तेव्हा ६८ निघाली, त्यातली वीसेक खोक्यातून बाहेरही काढलेली नव्हती.

वेड लागल्यासारखं मला कधीही वाटलं नाही. ती ओढ बाहेरून आल्यासारखी नव्हती, ती माझीच होती. पेन आवडणं माझं होतं, चांगल्या निबेची पारख माझी होती, ती कशी चालते ते पाहण्याची उत्सुकता माझी होती. फक्त पूर्वी "पुरे आता" म्हणणारं कोणीतरी आत होतं आणि ते उठून गेलं होतं, आणि गेलं हे मला कळलं नव्हतं. रात्री दोन वाजता मी उठायची, टेबलावर कापड पसरायची, सगळ्या पेनांचे भाग सुटे करायची, धुवायची, पुसायची, जोडायची. जोडून झालं की पुन्हा सुटे. चार-चार तास. पहाट झालेली समजायची नाही. असं तेच ते काम करत बसणं हाही याच औषधांचा ओळखीचा परिणाम आहे, हे मला वर्षभराने कळलं.

त्या काळात शरीराची ओढही वाढली होती. हे लिहावं की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. लग्नाला तेव्हा ३५ वर्षं झाली होती. यजमान चकित झाले, मीही झाले, आणि दोघांनी ते बरं होण्याचं लक्षण मानलं. लाजून आम्ही ते कोणत्याही डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित वर्ष वाचलं असतं.

मग फोनवरचे पत्ते आले. पैसे लावून खेळायचे. मी आयुष्यात सोडतीचं तिकीट घेतलेलं नाही. सुरुवात एका जाहिरातीवर बोट पडल्याने झाली, आणि तीन महिन्यांत मी ठेव मोडली होती. यजमानांना मेसेज जाऊ नये म्हणून वेगळं खातं उघडलं. लेकीला फोन करून, दातांचं मोठं काम निघालंय, बाबांना सांगू नकोस, असं म्हणून पैसे घेतले. हे खोटं बोलताना माझा आवाज जराही कापला नाही. त्या आवाजाची मला आजही भीती वाटते.

यजमानांना कळलं ते ठेवीच्या कागदामुळे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "झोपेत मारलंस तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. ते तू नव्हतीस. पण हे तर तू जागेपणी केलंस." लेक म्हणाली, "आई, तू अशी नव्हतीस गं." मला उत्तर सुचलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. झोपेत उचललेल्या हाताला आजार म्हणून सगळ्यांनी माफ केलं होतं. पडद्यावर रेघ होती, चित्रफीत होती, डॉक्टरांनी दिलेलं नाव होतं. जागेपणीच्या वागण्याची रेघ कुठे काढतात? तो माझा स्वभाव ठरला, आणि सर्वांत आधी तो मीच ठरवला.

त्या महिन्यात झोपेच्या डॉक्टरांकडची वार्षिक तपासणी होती. जायचं नाही म्हणत होते, यजमानांनी नेलं. नेहमीचे प्रश्न झाले. रात्री झोप होत नाही, दोन वाजता जाग येते, मी सांगितलं. हे ऐकून कोणीही झोपेची गोळी लिहून दिली असती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग पहाटेपर्यंत जागी असताना काय करता?"

मी सांगितलं. पेनं, कापड, पत्ते, ठेव, लेकीचे पैसे, सगळं. यजमानांना लेकीच्या पैशांचं तिथेच कळलं. डॉक्टरांनी फाइल मागे उलटून औषधांचं पान काढलं आणि प्रामिपेक्झोलवर बोट ठेवलं.

त्यांनी जे समजावलं ते असं. डोपामिन हालचालींना लागतं, तसंच हवंसं वाटण्यालाही लागतं. मेंदूत या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. आजाराच्या सुरुवातीला हालचालींची वाट कोरडी पडते, पण ओढ आणि बक्षिसाची वाट बऱ्यापैकी शाबूत असते. प्रामिपेक्झोल, रोपिनिरोल ही औषधं या दुसऱ्या वाटेवरच्या, डी३ म्हणतात त्या कुलपांत विशेष घट्ट बसतात. हाताला जेवढं हवं तेवढं औषध दिलं की ओढीच्या वाटेला ते जास्त होतं. २०१० साली ३००० हून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी काहीतरी हाताबाहेर गेलेलं होतं. न घेणाऱ्यांत ते सुमारे ७ टक्के होतं. कोणतंच औषध सुरू न झालेल्या नव्या रुग्णांत मात्र हे प्रमाण निरोगी माणसांसारखंच आढळलं आहे. पाय अस्वस्थ होतात म्हणून हीच औषधं घेणाऱ्या, पार्किन्सन नसलेल्या माणसांनाही हे होतं.

मी विचारलं, झोपेत माझा ब्रेक लागत नाही आणि जागेपणीही लागला नाही, म्हणजे दोन्ही एकच का? ते म्हणाले, नाही. झोपेतला बिघाड स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञेचा, तो मेंदूच्या देठात. हा वेगळ्या जागेचा. ज्यांना झोपेचा हा विकार आहे त्यांच्यात अशा सवयींचा धोका जास्त असतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. पण झोपेच्या विकाराचा माणूस पुढे पार्किन्सनच्या औषधांपर्यंत पोचण्याची शक्यता मोठी असते, म्हणून ते स्वतः आता हा प्रश्न सगळ्यांना विचारतात.

बाहेर आल्यावर यजमान बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "औषधामुळे झालं हे खरं मानतो. पण तू खोटं बोललीस ते विसरायला मला वेळ लागेल." मला ते रास्त वाटलं. आजही वाटतं. पैसे देताना बोट माझंच होतं. औषधाने धक्का दिला म्हणून मी सुटत नाही, आणि मी केलं म्हणून औषध निर्दोष होत नाही. या दोन वाक्यांपैकी एकच धरून बसावं असं आमच्या घरात अनेकदा झालं आणि दर वेळी भांडण झालं.

औषध सोडणं सोपं नव्हतं, आणि यात मला वाचणाऱ्याला अगदी कळवळून सांगायचं आहे की ते स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका. मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळी पायरीपायरीने खाली आणली आणि बरोबर लेव्होडोपा सुरू केलं. तरी दर पायरीला मी कोसळत होते. घाम, छातीत धडधड, कारण नसताना भीती, आणि सगळं रंगहीन झाल्यासारखी उदासी. व्यसन सुटताना होतं तसंच हे असतं. सगळ्यांना होत नाही, मला झालं. लेव्होडोपाने हात सुटतो, पण ही उदासी जात नाही. एका रात्री मी यजमानांना हात जोडले की फक्त आजची एक गोळी द्या. त्यांनी डबा त्यांच्या कपाटात ठेवला होता. ते माझ्याजवळ बसून राहिले, गोळी दिली नाही. पाच महिने लागले. वाईट दिवस होते आणि त्यांचं मला आणखी वर्णन करायचं नाही.

ओढ गेली ती एका दिवसात गेली नाही. एका सकाळी लक्षात आलं की आठवडाभर पेनांचा विचार आला नाही. पत्त्यांचं तर आठवूनही नवल वाटत होतं, ती पूर्वीची मी जणू दुसरीच कोणी.

आता मी ६५ वर्षांची आहे. खात्याचा व्यवहार यजमान पाहतात, माझ्या फोनवर पैसे पाठवायची सोय नाही. हे मी स्वतः मागून घेतलं, तरी दुकानात त्यांच्याकडे हात पसरावा लागतो तेव्हा घशात काहीतरी अडकतं. महिन्यातून एकदा ते मला चार गोष्टी विचारतात: खरेदी, पत्ते, खाणं, आणि चौथी विचारताना ते अजून खिडकीबाहेर बघतात. मेंदूविकारतज्ज्ञांना मी सांगितलं की हे प्रश्न माझ्या केसपेपरवर पहिल्या पानावर लिहा, आणि उत्तर माझ्या एकटीकडून घेऊ नका, घरच्यांनाही विचारा. कारण त्या वर्षात मला कोणी विचारलं असतं की सगळं ठीक आहे ना, तर मी अगदी मनापासून हो म्हटलं असतं. त्यांनी लिहिलं.

अक्षर पुन्हा बारीक होत चाललं आहे. लेव्होडोपाने पहिल्यासारखं उघडलं नाही. जुळणी करणारा मुलगा आता न विचारता वेलांटी ओळखतो, आणि जिथे शंका असेल तिथे मी शेजारी अक्षरांत लिहिते: पहिली, दुसरी. गाद्या अजून जमिनीवर आहेत. गेल्या आठवड्यात मी झोपेत लोडाला लाथा घातल्या, तो दारापर्यंत गेला होता.

पेनं बरीचशी विकली, निम्म्या किमतीलाही गेली नाहीत. लेकीचे पैसे दर महिन्याला परत करते आहे. ती नको म्हणते. मी पाठवते. अजून अकरा हप्ते राहिलेत.